मर्चंट थोर की हजारे : एका जुन्या मुकदम्याची कैफियत

भारतीय क्रिकेटच्या दफ्तरात जे मुकदमे वर्षानुवर्षे तहकूब होत आले आणि ज्यांचा फैसला करण्याचे धारिष्ट कोणत्याही न्यायासनाने दाखविले नाही, त्यांत विजय मर्चंट आणि विजय हजारे या दोन विजयांचा मुकदमा सर्वांत जुना, आणि माझ्या अल्प मतीप्रमाणे सर्वांत बोधप्रद होय. मर्चंट १९११ साली मुंबईच्या एका धनाढ्य गिरणीमालक कुटुंबात जन्मले, तर हजारे १९१५ साली सांगलीतील एका शाळामास्तरांच्या घरात. पहिल्याने नव्या चेंडूचा पहिला मारा अंगावर घ्यावा आणि दुसऱ्याने दोन गडी बाद झाल्यावर, बहुधा पडझडीच्याच वेळी, मैदानात उतरावे, असा दोघांचा अधिकारविभाग ठरलेला होता. कसोटी सामन्यांतील मर्चंटांची सरासरी ४७.७२ आणि हजाऱ्यांची ४७.६५. अपूर्णांकाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत गेल्याशिवाय ज्यांच्यात भेदच दिसत नाही, अशा दोन पुरुषांपैकी थोर कोणता हे ठरविण्यासाठी तीन पिढ्यांनी आपली संध्याकाळ खर्ची घातली. त्या खर्चाचा जमाखर्च मांडून पाहावा, असे या लेखाचे प्रयोजन आहे.

हा वाद पश्चात्‌बुद्धीने उभा केलेला नाही. तो त्या दोघांच्या ऐन उमेदीत, त्यांच्याच बॅटींनी, भर मैदानावर लढला गेला. १९४३-४४ च्या हंगामात, एकीकडे महायुद्ध धुमसत असता आणि बंगालमध्ये माणसे अन्नान्न करून मरत असता, मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी सामने भरले होते. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे धर्म व वंश यांच्या पायावर उभारलेले चार संघ त्यात होते, आणि १९३७ पासून त्यांना ‘रेस्ट’ नावाचा पाचवा संघ येऊन मिळाला होता. रेस्ट म्हणजे उरलेसुरले. देशी ख्रिस्ती, ज्यू आणि ज्यांची गणना इतर चार खात्यांत होऊ शकली नाही असे सर्व खेळाडू त्यात जमा होत. ही विभागणी गांधीजींना १९४० सालीच अप्रशस्त वाटली होती आणि १९४६ नंतर ती स्पर्धा इतिहासजमा झाली, याचा खेद करण्याचे कारण नाही. परंतु प्रेक्षकांच्या झुंडीच्या झुंडी तिला लोटत हेही तितकेच खरे. हजारे ख्रिस्ती असल्यामुळे रेस्टकडून खेळत, आणि मर्चंट हिंदूंचे नायक होते.

त्या हंगामात हजाऱ्यांनी मुसलमानांविरुद्ध २४८ धावा काढल्या. अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला, त्यात मर्चंट नाबाद २५०. म्हणजे हजाऱ्यांच्या पुढे नेमक्या दोन धावा. उत्तरादाखल रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, हजारे ५९. फॉलोऑन मिळाल्यावर ४४८ धावांचे ओझे डोक्यावर घेऊन हजारे पुन्हा खेळावयास आले आणि त्यांनी ३०९ धावा केल्या. संघाची एकूण संख्या होती ३८७. रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले. पण त्या दिवसांत कोण जिंकले याची आठवण ठेवण्याची तसदी कोणी घेतली नाही. पुढे त्याच हंगामात रणजी करंडकाच्या सामन्यात मर्चंटांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा करून उच्चांक परत आपल्या खात्यावर लावून घेतला. २४८, २५०, ३०९, ३५९ : दोन प्रतिवाद्यांनी एकाच हंगामात दाखल केलेली ही चार कागदपत्रे.

३८७ पैकी ३०९ म्हणजे सुमारे ८० टक्के. संघाच्या भारापैकी एवढा वाटा एकट्याने उचलल्याचे उदाहरण विरळा, म्हणून हजारे थोर, असा युक्तिवाद हजारेपक्षीय वकील आजही करतात, आणि तो प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो. मात्र त्यात एक खोच आहे. वाट्याच्या मापाने मोजू लागलो, की ज्याचे सोबती दुबळे त्याला आपोआप झुकते माप मिळते. मर्चंटांच्या मागे मुंबईचे सात-आठ कसलेले फलंदाज रांगेत उभे असत. त्यांनी ८० टक्के धावा एकट्याने काढायच्या म्हटल्या, तर इतरांना पॅव्हेलियनमध्ये कोंडूनच ठेवावे लागले असते. शिवाय त्याच ३०९ च्या पोटात दुसरा एक माणूस दडलेला आहे, आणि तो कोणत्याही तक्त्यात वर येत नाही. हजाऱ्यांचे बंधू विवेक हजारे सहाव्या गड्यासाठी त्यांच्याबरोबर होते. दोघांनी ३०० धावांची भागी केली आणि त्यात विवेक यांचा हिस्सा होता २१. तासन्‌तास एक टोक धरून बसणे, चेंडू अडवणे, षटकाच्या शेवटी धाव घेऊन थोरल्याला समोर जाऊ देणे, एवढेच त्यांनी केले. धावफलकाच्या खतावणीत विवेक हजारे म्हणजे २१, यापलीकडे नोंद नाही. पण ते एकवीस नसते, तर तीनशे नऊही झाले नसते. एका नावावर जमा होणाऱ्या यशात दुसऱ्याची किती रक्कम मुरलेली असते, हा या सबंध वादातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि आकडेमोडीने तो आजवर कधी पुरता सुटलेला नाही.

सरासरी ही गोष्ट आपण इतकी सहज उच्चारतो की ती कशी निघते याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष असते. एकूण धावांना डावांच्या संख्येने भागीत नाहीत. फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. मर्चंट १० कसोटी सामन्यांत १८ डाव खेळले आणि अठराही वेळा बाद झाले, धावा ८५९. हजाऱ्यांनी ३० सामन्यांत ५२ डावांत २१९२ धावा केल्या, त्यांत सहा वेळा ते नाबाद राहिले. म्हणून भाजक ४६. आता वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन एक लहानसा हिशेब करून पाहावा. मर्चंटांनी आपल्या सबंध कारकिर्दीत केवळ दोन धावा कमी काढल्या असत्या, तर त्यांची सरासरी ४७.६१ झाली असती आणि हजारे पुढे गेले असते. अठरा वर्षांच्या काळात विखुरलेल्या दहा सामन्यांतला एखादा निसटता चौकार क्षेत्ररक्षकाने सीमारेषेअलीकडे अडवून दोनच धावा दिल्या असत्या, तर एका थोर पुरुषाचा क्रम उतरला असता. आणि जर नाबाद डावांची सवलत काढून घेऊन दर डावाच्या धावा मोजल्या, तर मर्चंट ४७.७२ वरच राहतात, पण हजारे ४२.१५ वर येतात. यात लबाडी कुठेच नाही. निराळा भाजक घेतला की निराळे उत्तर निघते, आणि कोणता भाजक न्याय्य हे भाजक स्वतः सांगत नाही.

आमच्या बोदवडात या विषयावर जी वर्दळ चाले, तिचे मूळ ठिकाण कापसाच्या हंगामातील बाजार होते. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की आपली पाळी येईतो शेतकरी, हमाल, दलाल, रेल्वेतले रजेवर आलेले कामगार असे सारे एकत्र जमत, आणि बोलणे भावावरून नेहमी क्रिकेटवर घसरत असे. मुंबईच्या शेटजींपेक्षा सांगलीच्या मास्तरांचा मुलगा आपला, या भावनेने बहुमत हजाऱ्यांच्या बाजूने असे. ‘सरासरी काय दाखवता भो, अडचणीत कोन उभा राहिला ते सांगा,’ हे तिथले ठरलेले ब्रह्मास्त्र.

त्याच बाजारात, बोलणाऱ्यांच्या पाठीशी, तुलना कशी करावी याचा प्रात्यक्षिक वस्तुपाठ रोज चाललेला असे, हे कोणाच्या ध्यानात येत नसे. कापूस पारखणारा माणूस ढिगाच्या वरच्या थराकडे पाहत नाही. तो कोपरापर्यंत हात आत खुपसतो, तळातला मूठभर माल बाहेर काढतो, एक सरकी दाताखाली फोडून ओल किती ते पाहतो; मग दोन्ही अंगठ्यांच्या आणि तर्जनींच्या चिमटीत रुई धरून ओढतो, तुटलेली टोके एकावर एक जुळवून पुन्हा ओढतो, आणि समांतर झालेला तो पांढरा झुपका काळ्या बाहीवर ठेवून धाग्याची लांबी नजरेने मापतो. कवडी किती, पालापाचोळा किती, माल पहिल्या वेचणीचा की फरदडीचा, शंभर किलोला रुईचा उतारा तेहतीस पडेल की छत्तीस, या सगळ्यांची निरनिराळी नोंद त्याच्या मनात होते, आणि मगच तो एक भाव उच्चारतो. वजनात भारी असलेली गाडी ओलाव्यामुळे भारी असू शकते, हे त्याला ठाऊक असते. धावांची रास पाहून फलंदाजाचा भाव करणाऱ्यांनी निदान एवढी ओल तरी तपासायला हवी : धावा कोणत्या खेळपट्टीवर, कोणत्या गोलंदाजांपुढे, कोणत्या हवेत आणि कितव्या दिवशी झाल्या.

ही ओल मर्चंटांच्या बाबतीत तपासली पाहिजे, कारण त्यांची प्रथम दर्जाच्या सामन्यांतली सरासरी ७१.६४ आहे, आणि मोठी कारकीर्द लाभलेल्या जगातल्या सर्व फलंदाजांत ती ब्रॅडमनच्या खालोखाल गणली जाते. रणजी करंडकातली तर ९८.७५. हजाऱ्यांची प्रथम दर्जाची सरासरी ५८.३८. एवढ्या मोठ्या अंतरावर दावा खारीज व्हावा, असे मर्चंटपक्षाचे म्हणणे. पण त्या काळच्या मुंबई-पुण्याच्या खेळपट्ट्या फलंदाजांच्या बाबतीत किती उदार होत्या याची कल्पना यावयाची असेल, तर १९४८-४९ चा हंगाम पाहावा. त्या हंगामात पुण्यास मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातल्या एका रणजी सामन्यात मिळून २३७६ धावा झाल्या. आणि त्याच पुण्यात, डिसेंबर १९४८ मध्ये, भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक नऊ धावांवर राहिला असता, काठेवाडच्या कर्णधारांनी पुढे खेळण्यासच नकार दिला आणि सामना सोडून देऊन आपला संघ घेऊन निघून गेले. निंबाळकर एकही कसोटी सामना खेळले नाहीत. नुसत्या एका डावाच्या राशीने क्रम लावायचा, तर भारतीय फलंदाजांत आजही त्यांच्या वर कोणी बसत नाही. आणि तरीही निंबाळकर मर्चंटांहून थोर असे कोल्हापूरकर सोडून कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. म्हणजे राशीवर आपला विश्वास नाही, हे आपण सगळेच मनातून कबूल करतो.

मर्चंटांच्या बाजूने मात्र असा पुरावा आहे की जो पुण्या-मुंबईच्या मातीत उगवलेला नाही. १९३६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी १७४५ धावा केल्या आणि मँचेस्टरच्या कसोटीत मुश्ताक अलींबरोबर सलामीला २०३ धावांची भागी केली. तिथल्या खेळपट्ट्या झाकल्या जात नसत. पाऊस पडून ऊन आले की चेंडू उसळे, वळे, खाली राहे, आणि अशा ओल्या जमिनीवर मर्चंट चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत येऊ देऊन हलक्या हाताने यष्टीमागे कट करीत असत. मग ऑगस्ट १९३६ पासून जून १९४६ पर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. मर्चंटांच्या वयाची चोविसापासून चौतिसापर्यंतची वर्षे, म्हणजे फलंदाजाच्या आयुष्याचे ऐन पीक, महायुद्धाने कापून नेले. त्यांच्या दहाही कसोट्या इंग्लंडविरुद्धच झाल्या; ऑस्ट्रेलियाच्या १९४७-४८ च्या दौऱ्यावर ते प्रकृतीमुळे जाऊ शकले नाहीत. १९४६ मध्ये परत इंग्लंडला गेले तेव्हा २३८५ धावा, सरासरी ७४.५३. त्या दौऱ्यातल्या ओव्हलच्या कसोटीत १२८ वर ते धावबाद झाले, आणि तेही कसे, तर डेनिस कॉम्प्टनने, जो आर्सेनलचा नामांकित फुटबॉलपटूही होता, वाकून चेंडू उचलण्याऐवजी सरळ पायाने यष्टींवर मारला. सरासरीच्या तक्त्यात या बाद होण्याची किंमत इतर कोणत्याही बाद होण्याएवढीच धरली जाते.

हजाऱ्यांचा पुरावा निराळ्या जातीचा आहे. जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडला ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या, ब्रॅडमन २०१. (ब्रॅडमनचा त्रिफळा हजाऱ्यांनीच उडवला, अर्थात दोनशे एक झाल्यावर.) समोर लिंडवॉल आणि मिलर. हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ आणि फॉलोऑननंतर १४५ धावा केल्या; दुसऱ्या डावात संघाच्या एकूण २७७. भारत एका डावाने हरला. १९५२ मध्ये लीड्सला तर दुसऱ्या डावात भारताची अवस्था ४ बाद शून्य अशी झाली, फळ्यावर एकही धाव नाही आणि चार गडी तंबूत. तिथून कर्णधार हजारे आणि दत्तू फडकर यांनी अनुक्रमे ५६ आणि ६४ धावा करून संघाला १६५ पर्यंत नेले. छप्पन्न ही संख्या कोणत्याही उच्चांकाच्या यादीत येत नाही. आमच्या बाजारातल्या बहुमताचे सारे बळ मात्र त्या छप्पन्नावर उभे होते, आणि मला ते अगदीच चुकीचे वाटत नाही.

दोघे कसोटीत समोरासमोर नव्हे, पण शेजारी-शेजारी शेवटचे उभे राहिले ते नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला. चाळिशीच्या मर्चंटांनी १५४ धावा केल्या, आणि त्याच डावात हजाऱ्यांनी नाबाद १६४. जुन्या मुंबईतली ती चढाओढ जणू मुद्दाम एकदा पुन्हा मांडून दाखवावी असा प्रकार. त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंटांच्या खांद्याला इजा झाली आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथेच संपली.

न्यू जर्सीत स्थायिक झालेला माझा एक भाचा मध्यंतरी आला असता, त्याच्याकडून कळले की आपल्या या मुकदम्याला अमेरिकेत एक सख्खा भाऊ आहे. तिकडचा फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, प्रतिपक्षाला अंगाने रेटीत पुढे नेण्याचा तो खेळ आहे. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. दर खेळीच्या आरंभी चेंडू त्याच्या हातात येतो, आणि समोरून अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड माणसांच्या गर्दीत, दोन-तीन सेकंदांत, तो कोणाकडे फेकावा हे त्याला ठरवावे लागते. संघ जिंकला की जय त्याचा, हरला की खापरही त्याच्याच माथी. टॉम ब्रॅडीच्या संघांनी सुपर बोल नावाचा अंतिम सामना सात वेळा जिंकला. डॅन मरिनोने १९८४ च्या एका हंगामात ५०८४ यार्डांची फेक आणि ४८ टचडाउन (म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे पोहोचवणे) करूनही तो सामना एकदाही जिंकला नाही. मग थोर कोण, यावर तिकडे घराघरांत भांडणे होतात. विजय मोजणाऱ्यांना विचारावे की, क्वार्टरबॅकभोवती कडे करून उभे राहणारे पाच दांडगे रक्षक, ज्यांच्या नावावर तक्त्यात काहीच चढत नाही, त्यांचा वाटा कोणाच्या खात्यात गेला? विवेक हजाऱ्यांचीच ही अमेरिकन आवृत्ती.

तिकडच्या लोकांनी यावर १९७३ साली एक सूत्र काढले. शेकडा किती फेकी साधल्या, दर फेकीस किती यार्ड मिळाले, किती टचडाउन झाले आणि किती फेकी प्रतिपक्षाने मध्येच झेलल्या, अशा चार बाबींना गुण द्यावयाचे, प्रत्येकीला २.३७५ ची कमाल मर्यादा, चारींची बेरीज सहाने भागून शंभराने गुणावयाची. परिणामी पूर्ण गुण शंभर नव्हे, तर १५८.३. पैकीच्या पैकी मिळविणाऱ्याला एकशे अठ्ठावन्न पूर्णांक तीन दशांश गुण देणारी परीक्षा मी तरी दुसरी पाहिलेली नाही. भाचा म्हणाला, ‘मामा, यात चेंडू घेऊन स्वतः धावण्याचे गुणच नाहीत.’ आणखी गंमत अशी, की १९७८ मध्ये नियम बदलून झेल घेणाऱ्यांना अडवण्यावर निर्बंध आल्यामुळे फेकणे सोपे झाले, आणि त्यामुळे आजचा मध्यम खेळाडू त्या सूत्राने जुन्या दिग्गजांच्या वर जाऊन बसतो. जो नेमथ हा त्यांच्या कीर्तिमंदिरात विराजमान आहे. त्याची खतावणी उघडली तर १७३ टचडाउन आणि प्रतिपक्षाच्या हाती गेलेल्या फेकी २२०. जमेपेक्षा खर्च जास्त असलेला हा गृहस्थ, जानेवारी १९६९ मध्ये आपण सुपर बोल जिंकूच असे आधी जाहीर सांगून त्याने तो सामना जिंकून दाखवला, म्हणून अमर झाला.

आपल्याकडेही असे सूत्र आले. इंग्लंडचे माजी कर्णधार टेड डेक्स्टर यांच्या कल्पनेतून १९८७ मध्ये सुरू झालेली गुणपद्धती पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपलीशी केली. तिच्यात समोरच्या गोलंदाजांचा दर्जा, सामन्यातली एकूण धावसंख्या यांचा विचार होतो आणि अलीकडच्या डावांना अधिक वजन मिळते. कापसाच्या पारख्याच्या रीतीला ती जवळची आहे, म्हणून मला ती सरासरीपेक्षा बरी वाटते. तिच्या मापाने ब्रॅडमन ९६१ वर, आणि सुनील गावसकरांचा परमोच्च बिंदू ९१६, सचिन तेंडुलकरांचा ८९८. सरासरीने मात्र तेंडुलकर ५३.७८ आणि गावसकर ५१.१२. एक माप शिखराची उंची सांगते, दुसरे सबंध पठाराची. आणि दोनशे कसोट्यांचे पठार कोणाचे हे सांगण्याची गरज नाही. गावसकरांच्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या तेरा शतकांचा उल्लेख हा आमच्या पिढीचा हुकमी एक्का. पण त्यांतली १९७१ ची शतके एका संक्रमणातल्या गोलंदाजीपुढची आहेत आणि १९७८-७९ ची, मुख्य गोलंदाज केरी पॅकरच्या बंडखोर खासगी मालिकेकडे गेले असतानाची, हे कागदावर आणले पाहिजे. आपल्या आवडत्या माणसाचीही ओल तपासावी लागते.

आता मूळ दाव्यासंबंधी माझे मत. दोन माणसांची तुलना न्याय्य व्हावयाची तर देश, ऋतू, खेळपट्ट्या आणि प्रतिपक्ष सारखे असले पाहिजेत, आणि हा योग एकदा जुळून आला होता. १९४६ च्या पावसाळी उन्हाळ्यात दोघेही एकाच संघात, एकाच मैदानांवर, एकाच गोलंदाजांपुढे चार-पाच महिने खेळले. मर्चंटांची सरासरी ७४.५३; हजाऱ्यांची पन्नासच्या आसपास. हजाऱ्यांचा तो इंग्लंडचा पहिला कसोटी दौरा होता आणि त्यांना गोलंदाजीचे ओझेही वाहावे लागत होते, ही सूट देऊनही अंतर पुरते भरून निघत नाही. म्हणून निव्वळ फलंदाजीच्या विद्येत मर्चंट वरचढ, असा माझा निकाल आहे. पण ४ बाद शून्य असताना कोणाला पाठवाल, हा प्रश्न केला तर मी बोदवडच्या बहुमतात सामील होतो. मोठा कोण, हा एकच प्रश्न आहे असे धरून चालल्यामुळे वाद चिघळतो. ते किमान दोन प्रश्न आहेत, आणि वादी एकाचे उत्तर देत असता प्रतिवादी दुसऱ्याचे देत असतो.

दैवयोग असा, की दोघांपैकी मर्चंटांवरच पुढे न्यायासनावर बसण्याची पाळी आली. आकाशवाणीवर रविवारी क्रिकेटविषयी बोलणारा त्यांचा आवाज आमच्याकडे घरोघरी ओळखीचा होता. त्याच मर्चंटांपुढे, निवड समितीचे अध्यक्ष या नात्याने, पतौडी आणि अजित वाडेकर यांपैकी कर्णधार कोण हा प्रश्न आला. मते समसमान पडली आणि अध्यक्षांचे निर्णायक मत वाडेकरांना मिळाले. १९७१ मध्ये भारताने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या, आणि निकाल बरोबर होता असे सर्वांनी मानले. पतौडीपक्षीय मात्र अजून अपील सोडायला तयार नाहीत. वेस्ट इंडीजमधला विजय गावसकरांच्या चार कसोट्यांतल्या ७७४ धावांचा, ओव्हलचा चंद्रशेखरच्या ३८ धावांत ६ बळींचा. परदेशात मालिका जिंकता येते हे १९६८ मध्ये न्यूझीलंडला पतौडींनीच आधी शिकविलेले, आणि फिरकी गोलंदाजांवर भिस्त ठेवण्याची रीतही त्यांचीच. मग वाडेकरांच्या खात्यात नेमके जमा काय करायचे? वाडेकरपक्षाचे उत्तर असे, की गावसकरांच्या बरोबरीने दिलीप सरदेसाईंनीही त्या दौऱ्यात धावांच्या राशी ओतल्या, आणि त्यांना संघात घेण्याचा आग्रह धरणारा कर्णधार वाडेकरच होता.